७८० जीबी संगीत खिशात न्यायचंय: प्लेअर कोणता, कार्ड कोणतं?

पूर्वांग:

नमस्कार मंडळी,

कॅसेटी, सीडी आणि जुन्या एमपी३ मिळून संगीताचा साठा ७८० जीबी झाला आहे (विंडोज दाखवतं तो आकडा). फायली साधारण २२ हजार. विभागणी अशी:

– कॅसेटींवरून उतरवलेल्या मैफली, २४ बिट ९६ किलोहर्ट्झ फ्लॅक (दर्जा न गमावता दाबलेली ध्वनिफाइल): ४३० जीबी. कॅसेटची एक बाजू म्हणजे एक फाइल, ३० ते ४५ मिनिटांची.
– सीडींवरून घेतलेलं फ्लॅक, १६ बिट ४४.१: ३०० जीबी. यात ७८ आरपीएम तबकड्यांवरून उतरवलेलंही बरंच आहे.
– नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग, एमपी३, बहुतेक १२८ केबीपीएस: ५० जीबी. फायलींची संख्या सगळ्यात जास्त इथेच.

ऐकणं मुख्यतः प्रवासात, नेट नसताना. हेडफोन वायरचे, ३२ ओहमचे. टॅग (फाइलीतच लिहिलेली गायक, राग वगैरे माहिती) बऱ्याच अंशी देवनागरीत आहेत आणि ते नीट दिसायला हवेत. पाऊण तासाची फाइल मध्येच थांबवली तर पुन्हा तिथूनच सुरू व्हावी, आणि विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये खंड पडू नये. कार्डासकट २५ हजारांपर्यंत खर्च करता येईल.

प्रश्न तीन. आतच भरपूर जागा असलेला प्लेअर बघावा की कार्डवाला? जुना आयपॉड घेऊन त्यात फ्लॅश बसवणं कितपत शहाणपणाचं? की कार्डाची खाच असलेला जुना फोनच पुरेसा आहे?

—

फितीवाला:

पूर्वांग, प्लेअरच्या आधी साठ्याचा हिशेब करा. तुमची निम्म्याहून जास्त जागा कॅसेटींच्या सळसळीने खाल्ली आहे.

सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, तासाला ६३५ एमबी. फ्लॅक केल्यावर ख्याल गायकीचं स्वच्छ रेकॉर्डिंग साधारण ३५० एमबीवर येतं. २४/९६ म्हणजे सेकंदाला ५,७६,००० बाइट, तासाला २ जीबीहून थोडं जास्त, आणि कॅसेटचं असेल तर फ्लॅक होऊनही सव्वा जीबीच्या खाली सहसा येत नाही. कारण सोपं आहे. आवाजाचं सेकंदाला हजारो वेळा माप घेतलेलं असतं, त्या प्रत्येक मापाला नमुना म्हणतात. फ्लॅक पुढचा नमुना आधीच्या नमुन्यांवरून ताडतं आणि फक्त चुकलेला फरक साठवतं. तानपुऱ्याचा षड्ज ताडता येतो, फितीची सळसळ ताडता येत नाही. साध्या कॅसेटीत सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजातलं अंतर ५०-५५ डेसिबलचं असतं, १६ बिटांत ९६ डेसिबल मावतात. म्हणजे २४ पैकी खालचे आठ बिट तुम्ही निव्वळ सळसळ जपून ठेवायला वापरताय.

मूळ २४/९६ फायली घरच्या डिस्कवर ठेवाच, पुढे कधी खरखर काढायची झाली तर त्या लागतील. प्लेअरसाठी मात्र १६/४४.१ ची वेगळी प्रत करा. फूबार२००० या विंडोजवरच्या प्रोग्रॅमच्या कन्व्हर्टरमध्ये आधी रिसॅम्पलर लावून सेकंदाला ४४,१०० नमुने करा आणि १६ बिट करताना डिथर (बिट कमी करताना येणारा विपर्यास झाकणारी अगदी बारीक सळसळ) चालू ठेवा.

आता तुमचे आकडे. ४३० जीबी म्हणजे अंदाजे ३७० तास. ते १६/४४.१ केले की १४० जीबीच्या आसपास येतील. ३०० अधिक ५० अधिक १४०, झाले ४९०. इथे एक खड्डा आहे. ५१२ जीबीचं कार्ड विंडोजला ४७६ दिसतं, कारण कार्डवाले १००० ने गुणतात आणि विंडोज १०२४ ने भागतं. १ टीबीचं कार्ड ९३१ दिसतं. म्हणजे ४९० जीबी ५१२ च्या कार्डात थोडक्यासाठी मावत नाही.

पण ते मावेल असं करता येतं, दोन ठिकाणी हात घाला.

एक, ७८ आरपीएमचं रेकॉर्डिंग. तबकडी मोनो, पण उतरवताना ती स्टिरिओत घेतली जाते. खाचेच्या दोन भिंतींवरचा किसकिस आवाज वेगवेगळा असतो, म्हणून फ्लॅकला डावं आणि उजवं दोन निराळे आवाज वाटतात आणि जागा दुप्पट लागते. दोन्ही बाजू मिळवून एक चॅनल करा. जागा निम्मी होते, आणि किसकिसही थोडी दबते, कारण गाणं दोन्हीकडे सारखं असतं आणि किसकिस नसते. मोनो कॅसेट रेकॉर्डरवर टेपलेल्या मैफलींनाही हेच लागू. फक्त आधी फेज तपासा. एका चॅनलची वायर उलटी जोडून उतरवलं असेल तर मिळवताना गायकाचा आवाजच बारीक होईल.

दोन, मुखपृष्ठाची चित्रं. फाइलीत चिकटवलेलं चित्र ३ एमबीचं असेल आणि ते सगळ्या २२ हजार फायलींत असेल तर नुसती चित्रंच ६६ जीबी होतात. प्लेअरच्या पडद्याला ५०० बाय ५०० पिक्सेलचं साधं जेपेग पुरतं, ते १०० केबीच्या आत बसतं.

याहून पुढे जायचं असेल तर प्रवासाच्या प्रतीत सगळं फ्लॅक ओपस (एमपी३ सारखाच, पण नवा दाबण्याचा प्रकार) १६० केबीपीएस करता येईल. तासाला ७२ एमबी. तुमचे फ्लॅकचे जवळपास १,२७० तास ८५ जीबीत येतात, एमपी३ धरून १३५, म्हणजे २५६ चं कार्ड झालं. एमपी३ मात्र पुन्हा दाबू नका. १२८ च्या एमपी३ ने जे टाकून दिलंय ते परत येत नाही, आणि दुसऱ्यांदा दाबताना उरलेल्यातलंही जातं. आगगाडीच्या डब्यात, बाहेरचा आवाज असताना, ओपस १६० आणि फ्लॅक यांत फरक कळणं अवघड आहे, असं माझं मत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कार्डवाला. आतली जागा महाग पडते, वाढवता येत नाही, आणि प्लेअर बंद पडला की तिच्यासकट जाते. कार्ड दुसऱ्या प्लेअरमध्ये जातं. कागदावर “५१२ जीबीपर्यंत” असं लिहिलेले बरेच प्लेअर १ टीबीही चालवतात, कारण या कार्डांचं एसडीएक्ससी हे मानक मुळात २ टीबीपर्यंतचं आहे आणि बऱ्याचदा कंपनीने फक्त त्या वेळी बाजारात असलेलं मोठं कार्ड तपासलेलं असतं. तरी परत करायची सोय असल्याशिवाय त्या भरवशावर पैसे घालू नका.

—

जोडाक्षर:

फितीवाला यांचा हिशेब चोख आहे. पण एवढ्या मोठ्या साठ्यात प्लेअर अडखळतो तो जागेवरून फारसा नाही, सूचीवरून (टॅग वाचून तो बनवतो त्या गाण्यांच्या यादीवरून) जास्त. खोक्यावर जीबी छापलेले असतात, किती फायलींची सूची बनते हे छापलेलं नसतं.

अँड्रॉइड नसलेल्या लहान प्लेअरांत मेमरी अगदी बेताची असते आणि सूचीला ठरावीक मर्यादा असते, काही हजारांची. ती ओलांडली की कोणताही इशारा येत नाही. उरलेली गाणी कलाकारांच्या आणि अल्बमच्या यादीत दिसत नाहीत, एवढंच. कार्ड खराब निघालं असं वाटून लोक कार्ड बदलत बसतात. अशा वेळी फोल्डरमधून जाऊन तीच फाइल वाजवून पाहा. वाजली तर दोष सूचीचा.

हे तपासायला ७८० जीबी भरायची गरज नाही. एफएफएमपेग या प्रोग्रॅमने प्रत्येक फाइलीचा फक्त पहिला सेकंद कापून, टॅग तसेच ठेवून आणि चित्र वगळून, २२ हजार छोट्या फायलींचा संच करा. तो ३२ जीबीच्या कार्डातही मावतो. ते कार्ड नव्या प्लेअरमध्ये घालून स्कॅन करा आणि शेवटी एकूण गाण्यांचा आकडा जुळतो का बघा. परत करायची मुदत संपायच्या आत एका संध्याकाळी निकाल लागतो.

आता देवनागरी. यावरच तुमचा प्लेअर ठरेल असं मला वाटतं.

फाँटमध्ये देवनागरी अक्षरं असणं वेगळं आणि ती जोडता येणं वेगळं. बऱ्याच साध्या प्लेअरांत अक्षरं एकामागे एक मांडली जातात, बस. मग पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, रफार सुटा ‘र्’ होतो, जोडाक्षरं हलंतासकट फुटतात. दुकानात तपासायला एकच ओळ टॅगमध्ये घालून न्या: “पूर्वी, श्री, मिश्र शिवरंजनी, कीर्वाणी, दुर्गा, साऱ्या”. रफार, वेलांटी, जोडाक्षर, ‘ऱ्या’, सगळं यात आलं. ही ओळ नीट दिसली तर बाकीचंही दिसेल. अँड्रॉइडवर ती नीट दिसते. रॉकबॉक्सवर (जुन्या प्लेअरांत मूळ प्रणालीच्या जागी घालायची मोफत प्रणाली) देवनागरी अक्षरांचा फाँट घातला तरी ती फुटते, त्याला जोडणी येत नाही.

म्हणून तुमच्यासाठी सरळ अँड्रॉइडवाला प्लेअर. फिओ जेएम२१ बघा. त्यात अँड्रॉइड १३ आहे, आत जागा ३२ जीबी, कार्ड २ टीबीपर्यंत, हेडफोनला ३.५ आणि ४.४ मिमी दोन्ही जागा. सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ हातात फार सुबक आहे, पण त्यातही आतल्या ३२ पैकी वापरायला साधारण १८ जीबीच उरतात आणि त्याची ताकद कमी आहे. ३२ ओहमच्या नेहमीच्या हेडफोनला ती पुरते, मोठ्या जड हेडफोनना पुरत नाही. कोणत्याही प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स (हेडफोनच्या जागेचा स्वतःचा विद्युतरोध) हेडफोनच्या एक अष्टमांशाच्या आत असावा, तुमच्या बाबतीत ४ ओहमच्या आत.

वाजवायला कंपनीचंच ॲप वापरायची सक्ती नाही. पॉवरॅम्प लांब ट्रॅकमधली थांबलेली जागा लक्षात ठेवतं आणि खंड न पाडता वाजवतं. खंडाबद्दल एक सांगायला हवं: फ्लॅकमध्ये नमुन्यांची संख्या तंतोतंत असते, त्यामुळे विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकमध्ये असले तरी ठेका तुटत नाही. एमपी३ च्या सुरुवातीला आणि शेवटी दाबताना रिकामे नमुने भरले जातात. एमपी३ आवाज फ्रेम नावाच्या ठरावीक तुकड्यांत साठवतं, एक फ्रेम ११५२ नमुन्यांची, म्हणजे २६ मिलिसेकंदांची. हे रिकामे नमुने किती ते एमपी३ बनवणारा लेम हा प्रोग्रॅम फाइलीत नोंदवून ठेवतो आणि चांगला प्लेअर तेवढे कापतो. नोंदच नसलेल्या जुन्या एमपी३ मध्ये कोणताही प्लेअर काही करू शकत नाही.

—

कोरा_कॅनव्हास:

टॅगबद्दल थोडं, कारण २२ हजार फायलींत शोधायचं तर त्यांच्याच जिवावर.

प्लेअरच्या यादीत ‘राग’ नावाचा रकाना कुठेच नसतो. पण ‘जॉनर’ सगळीकडे असतो आणि शास्त्रीय संगीताला तो एरवी वायाच जातो, सगळीकडे ‘क्लासिकल’ लिहून. तिथे रागाचं नाव लिहा. मग जॉनरची यादी उघडली की अहिर भैरवपासून हमीरपर्यंत सगळे राग ओळीने येतात आणि मारव्यात बोट ठेवलं की सगळ्या गायकांचा मारवा एकत्र मिळतो. ट्रॅकच्या नावात राग, ताल आणि बंदिशीचे पहिले शब्द. कलाकाराच्या रकान्यात फक्त मुख्य गायक, साथीदार ‘कॉमेंट’मध्ये. साथीदार कलाकाराच्या रकान्यात घातले की “भीमसेन जोशी” एक आणि तबलजी बदलेल तसे आणखी पाच भीमसेन जोशी यादीत तयार होतात. ‘अल्बम आर्टिस्ट’ रिकामा सोडू नका. तो रिकामा असला की नाट्यसंगीताच्या एका संचाचे, गायक बदलेल तसे, दहा तुकडे होतात.

हे सगळं एमपी३टॅग या प्रोग्रॅममध्ये एकगठ्ठा करता येतं. त्याच्या पर्यायांत एमपी३ च्या टॅगसाठी आयडी३ व्ही२.३, यूटीएफ-१६ हा प्रकार निवडा. हे जुन्या-नव्या जवळपास सगळ्या प्लेअरांना वाचता येतं. व्ही१ चा टॅग काढूनच टाका. त्यात देवनागरी बसतच नाही, ३० बाइटांची जागा असते, आणि काही प्लेअर नेमका तोच आधी वाचून प्रश्नचिन्हं दाखवतात.

जुन्या एमपी३ मध्ये शिवाजी किंवा तत्सम फाँटात टंकलेले टॅग असतील तर ते रोमन कचऱ्यासारखे दिसतात. ती खरी देवनागरी नव्हेच, रोमन अक्षरांवर चढवलेली चित्रं. कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड करावे लागतील. आधी ५० फायलींवर करून पाहा, जोडाक्षरांत हमखास चुका राहतात.

—

खाच:

तिसऱ्या प्रश्नाला थोडक्यात. जुना फोन चालेल, ध्वनीच्या दर्जातही कमी पडणार नाही. हेडफोनची जागा नसेल तर सी-टाइपचा छोटा डॅक (फोनच्या चार्जिंगच्या जागेतून हेडफोनला आवाज देणारा जोड) लावा. अडचणी दोनच. फोनची थकलेली बॅटरी, आणि संकरित खाच, ज्यात दुसरं सिम किंवा कार्ड यांपैकी एकच बसतं. संगीतापुरता फोन असेल तर दुसरीची चिंता नाही. विमान मोडवर ठेवा.

कार्ड पहिल्यांदा घातल्यावर फोन विचारतो: पोर्टेबल की इंटर्नल? पोर्टेबलच निवडा. इंटर्नल केलं की कार्ड त्या फोनच्या किल्लीने कुलूपबंद होतं. दुसऱ्या कुठल्याही यंत्रात ते रिकामं किंवा बिघडलेलं दिसतं, आणि फोन गेला की कार्डावरचं सगळं गेलं.

—

ठेकाधर:

आयपॉडबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तुमच्या गरजांना तो बसत नाही, पण विचारलंच आहे तर पूर्ण उत्तर हवं.

आयपॉड क्लासिकचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, आयपॉड टचचं २०२२ मध्ये. म्हणजे आता मिळणारा प्रत्येक क्लासिक जुनाच. आतली १.८ इंची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसडी कार्ड धरणारा अडॅप्टर बसवतात, आयफ्लॅश या नावाचे अडॅप्टर त्यासाठीच बनतात. घेताना मॉडेल नीट बघा. २००७ आणि २००८ चे क्लासिक अडॅप्टरमधल्या कार्डाची १२८ जीबीच्या (दशमान मोजणीत १३७ जीबी) पुढची जागा ओळखत नाहीत, कारण त्यांत डिस्कचा पत्ता २८ बिटांचा आहे. कितीही मोठं कार्ड घाला, पुढचं वाया. २००९ चा १६० जीबीवाला पातळ क्लासिक हवा, किंवा त्याच्या आधीच्या पाचव्या पिढीतला. पाचव्या पिढीत ३० जीबीवाल्यात ३२ एमबी रॅम आहे, ६० आणि ८० वाल्यांत ६४ एमबी. ॲपलच्या मूळ प्रणालीत सगळी सूची रॅममध्ये बसवावी लागते, म्हणून २२ हजार गाण्यांना ६४ वालाच घ्या.

उघडताना मोडतं ते ठरलेलं आहे. धातूची पाठ खिळ्यांनी नसते, आतून खटक्यांनी बसलेली असते. धातूचं हत्यार घातलं की कड वाकते आणि पुन्हा कधी सपाट बसत नाही. प्लॅस्टिकची पातळ पट्टी वापरा. पाठ सुटली की ती झटकन दूर ओढू नका, बॅटरीची आणि हेडफोनच्या जागेची अशा दोन पातळ पट्ट्या आत जोडलेल्या असतात. बॅटरीच्या पट्टीवरचं कुलूप नखाच्या चतुर्थांशाएवढं असतं, ते एखादा मिलिमीटर वर सरकवायचं असतं. पूर्ण उपटून हातात आलं तर आतली सर्किटची पाटीच बदलावी लागते. डिस्कच्या जोडणीचं काळं झाकण मात्र ९० अंशांत उभं राहतं. अडॅप्टरची पट्टी घालताना ती तिरकी राहिली की पडद्यावर बिघाडाचं चिन्ह येतं. दहापैकी नऊ वेळा कार्ड ठीक असतं, पट्टीच परत सरळ बसवावी लागते.

आता तुमच्यासाठी का नको. मूळ प्रणाली फ्लॅक वाजवत नाही, सगळं ॲपल लॉसलेस करावं लागेल, तेही ४८ किलोहर्ट्झपर्यंतच. रॉकबॉक्स घातलं की फ्लॅक वाजतं, खुणा ठेवायची सोय सुंदर आहे, तशी सेटिंग केली की प्रत्येक फोल्डरमधली थांबलेली जागा आपोआप नोंदवली जाते. पण जोडाक्षर यांनी सांगितलेली देवनागरीची अडचण तिथे येते. टॅग रोमनमध्ये असते तर मी नक्की सुचवला असता. खिशात हात घालून, पडद्याकडे न बघता, त्या चाकाने गाणं बदलता येतं, ते सुख टचस्क्रीनला नाही.

—

पूर्वांग:

सर्वांचे मनापासून आभार. देवनागरीचा मुद्दा निर्णायक वाटतो. अँड्रॉइडवाला प्लेअर आणि १ टीबीचं कार्ड असं ठरवतोय, म्हणजे पुढे साठा वाढला तरी जागा राहील. कॅसेटींची १६/४४.१ प्रत आणि ७८ आरपीएमचं मोनो करायला घेतो.

कार्ड अस्सल आहे हे कसं ओळखायचं, फॉरमॅट कोणता ठेवायचा, आणि एवढं भरायचं कसं, हे कोणी सांगेल का?

—

फितीवाला:

बनावट कार्डाची युक्ती अशी असते. आत ६४ जीबीची चिप आणि तिचा कंट्रोलर संगणकाला १ टीबी सांगतो. पहिले ६४ जीबी नीट उतरतात, पुढचं लिखाण फिरून परत सुरुवातीच्या जागेवर किंवा कुठेच जात नाही. फायलींची नावं सगळी दिसतात, आकारही बरोबर, वाजवायला गेलं की शांतता किंवा भलतंच गाणं. म्हणून दोन-चार फायली घालून तपासण्याला अर्थ नाही, कार्ड पूर्ण भरूनच बघायचं.

त्यासाठीचे प्रोग्रॅम: विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३. दोन्ही कार्ड १ जीबीच्या फायलींनी काठोकाठ भरतात आणि मग वाचून पडताळतात. सेकंदाला ६० एमबीने लिहिलं तर १ टीबीला लिहायलाच साडेचार तास, वाचायला आणखी तीनेक. संध्याकाळी लावून ठेवा. एकही बाइट चुकला तर कार्ड परत. ही चाचणी पहिल्याच दिवशी करा.

वेगाचे आकडे बघून जास्त पैसे देऊ नका. २४/९६ चा न दाबलेला आवाजसुद्धा सेकंदाला ०.६ एमबीपेक्षा कमी मागतो. ए२, व्ही३० वगैरे खुणा व्हिडिओसाठी आणि ॲपसाठी आहेत. यू१ खुणेचं कार्ड पुरे. महागडा वेग फक्त भरताना कामी येतो.

फॉरमॅट: अँड्रॉइडसाठी एक्सफॅट. एसडी असोसिएशनचा स्वतःचा फॉरमॅटर आहे, तोच वापरा. फॅट३२ फक्त रॉकबॉक्स किंवा तसल्या जुन्या प्लेअरसाठी. त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे २४/९६ ची न दाबलेली वेव्ह फाइल दोन तासांच्या थोडं पुढे जाताच अडते. आणि फॅट३२ च्या एका फोल्डरमध्ये ६५,५३४ नोंदी मावतात, पण लांब नावाला दर १३ अक्षरांमागे एक नोंद आणि वर एक लागते. देवनागरीत काना, मात्रा, हलंत सुटे मोजले जातात. ४० चिन्हांच्या नावाला पाच नोंदी, म्हणजे एका फोल्डरमध्ये १३ हजार फायलींवरच दार बंद होतं. सगळी भावगीतं एकाच फोल्डरमध्ये टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

भरताना कार्ड प्लेअरमध्ये ठेवून यूएसबीने भरू नका. अँड्रॉइड संगणकाशी एमटीपी या पद्धतीने बोलतो, ते हजारो लहान फायलींना फार संथ आहे आणि मध्येच तुटलं तर कुठवर आलं होतं ते कळत नाही. सेकंदाला २५ एमबी धरले तर तुमच्या ७८० जीबीला नऊ तासांहून जास्त. यूएसबी ३ चा कार्ड रीडर घ्या, ८० एमबीने तेच काम तीन तासांत होतं. फ्रीफाइलसिंक या दोन ठिकाणच्या फायली जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘मिरर’ लावा, म्हणजे पुढच्या वेळी फक्त बदललेलंच जाईल. फॅट३२ असेल तर वेळेतला दोन सेकंदांचा फरक माफ करायची सोय चालू असू द्या. त्यावर वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यातच लिहिली जाते, नाहीतर प्रत्येक वेळी सगळ्या फायली बदलल्यासारख्या दिसतात. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांना तर उन्हाळी वेळ सुरू झाली की एक तासाचा फरक दिसतो आणि सगळा साठा पुन्हा उतरायला लागतो. भारतात ती भानगड नाही.

आणखी एक, लांब फायलींसाठी. पाऊण तासाच्या फ्लॅकमध्ये पुढे सरकवताना प्लेअर अडखळत असेल तर फाइलीत सीकटेबल (कुठला क्षण फाइलीत कुठे आहे याची यादी) नाही. मेटाफ्लॅक या फ्लॅकच्याच प्रोग्रॅमने दर १० सेकंदांना एक सीकपॉइंट (त्या यादीतली नोंद) घाला. आवाजाला हात लागत नाही, फाइल काही केबीने वाढते.

आणि कार्ड म्हणजे तुमची प्रवासातली प्रत, जपून ठेवायची प्रत नव्हे. कार्डं आधी कल्पना न देता जातात. मूळ साठा दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी.

—

जोडाक्षर:

मॅकवरून भरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जोडतो.

मॅक एक्सफॅट किंवा फॅट३२ वर प्रत्येक फाइलीमागे टिंब-अधोरेखेने सुरू होणारी एक लपलेली फाइल ठेवतो. प्लेअरला ती गाणं वाटते, मग यादीत प्रत्येक गाणं दोनदा दिसतं आणि त्यातलं एक वाजत नाही. कार्ड काढायच्या आधी टर्मिनलमधून डॉट-क्लीनची (dot_clean) आज्ञा त्या कार्डावर चालवा.

दुसरी मराठीपुरतीच. ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ’ हे युनिकोडमध्ये एक अक्षर आहे, पण एचएफएस प्लस या मॅकच्या जुन्या फॉरमॅटच्या डिस्कवर मॅक फायलींच्या नावांत त्याची फोड करतो: र आणि खाली नुक्ता, अशी दोन चिन्हं. डोळ्यांना दोन्ही सारखीच. विंडोजवरून भरलेल्या कार्डावर नंतर मॅकवरून सिंक केलं की ‘साऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कऱ्हा’ असलेल्या फायलीच नेमक्या दुसऱ्यांदा उतरतात, बाकीच्या नाही. तिसरा प्रकार टॅगमधला: जुन्या कीबोर्डवर ‘र्‍या’ हे र, हलंत आणि न दिसणारा जोडक असं टंकलं जायचं. तेही सारखंच दिसतं, पण शोधताना सापडत नाही आणि यादीत एकच आडनाव दोनदा येतं. एमपी३टॅगमध्ये बदला-शोधाची एक कृती करून ठेवा, तिन्ही रूपांचं एकच ‘ऱ्’ करणारी. ती २२ हजार फायलींवर एकदा चालवा आणि मगच प्लेअरला सूची बनवू द्या.